सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासक्रमाची पुनर्रचना आणि ग्रामीण शिक्षकाचा अभिप्राय



अभ्यासक्रमाचा नवा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे पाठोपाठ एक परिपत्रक आपल्या शाळेत येते. मसुद्यावर शिक्षक, पालक व नागरिक यांनी आपले अभिप्राय ठरलेल्या मुदतीत कळवावेत, असा त्याचा आशय असतो. परिपत्रक वाचल्याची नोंद म्हणून मुख्याध्यापक सही करतात, सहकारी शिक्षक सही करतात आणि कागद नस्तीला लागतो. पुढे केंद्रातून स्मरणपत्र आले म्हणजे कोणीतरी एकजण ‘मसुदा उत्तम आहे, सहमत’ असे दोन शब्द लिहून शाळेची सुटका करून घेतो. आपल्यापैकी कोणाला दोष द्यावा अशा हेतूने मी हे लिहीत नाही. मी स्वतः असेच केलेले आहे आणि त्याची हकीकत याच लेखात पुढे येणार आहे. परंतु या दोन शब्दांनी आपण काय गमावतो, हे शांतपणे पाहण्याची वेळ आली आहे. विशेषतः इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व परिसर अभ्यास या विषयांच्या बाबतीत ग्रामीण शिक्षक बोलला नाही तर त्याच्या वतीने दुसरे कोणी बोलू शकत नाही, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. त्याची कारणे आणि अभिप्राय लिहिण्याची रीत या लेखात मांडण्याचा विचार आहे.

अभिप्राय देण्याची आपली परंपरा

लोकांनी अभ्यासक्रमाविषयी बोलावे ही कल्पना नवी आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. इ.स. १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगाने लोकांकडून निवेदने मागविली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन आयोगाला सादर केले. त्यावर त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिलेली आहे. शिक्षणखात्याचा कोणताही अधिकार त्यांच्याकडे नव्हता. विद्यापीठाची पदवीही नव्हती.

त्या निवेदनाची मांडणी आजही आपण अभ्यासण्यासारखी आहे. आरंभीच जोतीराव आपल्या अनुभवाची मर्यादा सांगतात. हा अनुभव मुख्यतः पुणे शहर व भोवतालची खेडी यांच्यापुरता आहे, हे ते प्रथम स्पष्ट करतात. नंतर आपण स्वतः कोणत्या शाळा चालविल्या ते सांगतात. त्यानंतर चालू पद्धतीतील उणिवा दाखवितात आणि प्रत्येक उणिवेसमोर आपली सूचना ठेवतात. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याविषयी त्यांनी लेखन-वाचन, मोडी व बाळबोध लिपी, हिशेब, इतिहास व भूगोल यांची सामान्य माहिती, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य असे विषय सुचविले. खेड्यातील शाळेचा अभ्यास शहरातील शाळेपेक्षा थोडा असला तरी चालेल, परंतु तो व्यवहाराला कमी उपयोगी असता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षक शेतकरी वर्गात मिसळणारा व त्यांच्या गरजा जाणणारा असावा, असेही त्यांनी सुचविले.

अनुभव कोणता, उणीव कोणती आणि सूचना कोणती, या तीन पायऱ्यांवर ते निवेदन उभे आहे. अभिप्राय कसा लिहावा हे शिकण्यासाठी दुसरा नमुना शोधण्याची आपल्याला आवश्यकता नाही.

मसुदा कोठे तयार होतो

अभिप्राय योग्य ठिकाणी पोहोचावा यासाठी अभ्यासक्रम कसा घडतो हे ठाऊक असणे अवश्य आहे. पुष्कळ शिक्षक आराखडा, अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक या तिन्ही शब्दांचा एकच अर्थ घेतात. वास्तविक या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी आराखड्याची. शिक्षण कशासाठी, कोणत्या वयात कोणते विषय, कोणत्या मूल्यांवर भर, हे आराखड्यात ठरते. राष्ट्रीय पातळीवर हे काम राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते आणि त्याच्या आधारे राज्ये आपापला आराखडा तयार करतात. दुसरी पायरी अभ्यासक्रमाची. प्रत्येक इयत्तेत प्रत्येक विषयाचे कोणते घटक यावेत आणि ते शिकून मुलाला काय करता यावे, हे तेथे ठरते. आपल्या राज्यात या दोन्ही पायऱ्यांचे काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पाहते. तिसरी पायरी पाठ्यपुस्तकाची. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली आपली ‘बालभारती’ हे काम करीत आली आहे.

एखाद्या पाठातील चित्र चुकले असेल तर ती तक्रार पाठ्यपुस्तकाची होय. एखादा घटक त्या वयाला झेपत नसेल तर ती सूचना अभ्यासक्रमाची होय. एखाद्या विषयाला आठवड्यात तासिकाच अपुऱ्या असतील तर तो प्रश्न आराखड्याचा आहे. आराखड्याच्या मसुद्यावर पाठातील चित्राची तक्रार पाठविली तर ती कितीही रास्त असली तरी वाया जाते.

कायद्यानेही या कामाची चौकट आखून दिलेली आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमातील कलम २९ नुसार अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असला पाहिजे, बालकाच्या सर्वांगीण विकासाला पोषक असला पाहिजे आणि बालकाला भय व दडपण यांपासून मुक्त ठेवणारा असला पाहिजे. शक्य तेथवर मातृभाषा हे माध्यम असावे, असेही ते कलम सांगते. आपल्या अभिप्रायाला या कलमाचा आधार देता आला तर त्याचे वजन निश्चित वाढते.

अलीकडचा अनुभव

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होताना प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील सुकाणू समितीने म्हैसूर, अजमेर, भुवनेश्वर, भोपाळ व शिलाँग या पाच ठिकाणी विभागीय चर्चासत्रे घेतली होती. वृत्तपत्रांतून जाहिराती देऊन लोकांची मते मागविण्यात आली होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, ग्रामीण शिक्षकांची एक स्वतंत्र राष्ट्रीय परिषद त्या निमित्ताने भरविण्यात आली होती. खेड्यातील शिक्षकाजवळ काही वेगळे सांगण्यासारखे असते, हे आराखडा करणाऱ्यांनी त्या वेळी मान्य केले होते.

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणासाठी अडीच लाख ग्रामपंचायती व ६७६ जिल्हे यांमधून सूचना आल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले होते. हा आकडा वाचल्यावर प्रत्येक शिक्षकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. त्यात आपले गाव होते काय? होते, तर गावाने काय सुचविले? मी हा प्रश्न अनेक शाळांत विचारून पाहिला आहे. उत्तरादाखल बहुतेकांनी एकमेकांकडे पाहिले.

आपल्या राज्याच्या शालेय शिक्षणाच्या आराखड्याचा मसुदा मे २०२४ च्या उत्तरार्धात लोकांसमोर ठेवण्यात आला आणि ३ जूनपर्यंत सूचना व हरकती मागविण्यात आल्या. ते दिवस उन्हाळी सुटीचे होते. त्या मसुद्यात मनुस्मृतीतील एका श्लोकाचा समावेश असल्याचे वाचकांनी दाखवून दिल्यावर राज्यभर हरकती उमटल्या आणि अभ्यासक्रमात तसा मजकूर येणार नाही, असे शासनातर्फे सांगण्यात आले. पुढे जुलै २०२५ च्या अखेरीस इयत्ता तिसरी ते दहावीच्या अभ्यासक्रमाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्या वेळी सुमारे एका महिन्याची मुदत मिळाली व शाळाही चालू होत्या.

या दोन प्रसंगांवरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मसुदा हा खरोखरच मसुदा असतो. तो बारकाईने वाचणारा माणूस भेटला तर त्यात बदल होऊ शकतो. दुसरे असे की मुदत कधी व किती मिळेल हे आपल्या हाती नसते. म्हणून अभिप्रायाची सामग्री मसुदा येण्यापूर्वीच आपल्याजवळ तयार असली पाहिजे. ती कशी तयार ठेवावी हे पुढे सांगितले आहे.

सामाजिक शास्त्रांचे वेगळेपण

गणितातील बेरीज गडचिरोलीत एक आणि सिंधुदुर्गात दुसरी अशी असत नाही. परिसर अभ्यासाची गोष्ट निराळी आहे. येथे मूल ज्या गावात राहते, ज्या नदीचे पाणी पिते, ज्या बाजारात आईबापांबरोबर जाते, तेथूनच विषयाचा प्रारंभ होतो. म्हणूनच २०१२ च्या अभ्यासक्रमानुसार तयार झालेले तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघाले. एका राज्याचा एकच अभ्यासक्रम असूनही पुस्तक मात्र जिल्ह्यागणिक वेगळे, असा मान प्राथमिक शाळेत या विषयाला मिळाला.

असे असूनही पुण्यात बसलेल्या अभ्यासमंडळाला प्रत्येक गाव दिसू शकत नाही. तेथील सभासद विद्वान असतात, परिश्रम करतात, त्यांत शिक्षकही असतात. परंतु आपल्या वर्गातील तिसऱ्या रांगेत बसलेले मूल त्यांना दिसत नाही. ते फक्त आपल्यालाच दिसते.

लोकमताचे क्षेत्र आणि त्याची सीमा

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य वाटते. लोकांनी अभ्यासक्रमाविषयी बोलावे याचा अर्थ सर्वच गोष्टी बहुमताने ठराव्यात असा नाही.

समजा, गावातील वडीलधारी मंडळी म्हणाली, ‘आमचे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, हे इतिहासात घाला.’ ही आख्यायिका आपल्या राज्यात अनेक गावी सांगितली जाते. अशा प्रसंगी शिक्षकाने मंडळींचा उपहास करू नये आणि त्यांची मागणी जशीच्या तशी पुढेही पाठवू नये. देवळाच्या खांबांची घडण, चुना न वापरता बसविलेले दगड, एखादा शिलालेख असल्यास त्यावरील शक, या सर्वांवरून त्याचा काळ अभ्यासकांना ठरविता येतो. आख्यायिका ही आख्यायिका म्हणून मुलांनी जरूर लिहून घ्यावी, कारण तीही गावाची ठेव आहे. पण गावाने एकमताने ठराव केला म्हणून तिचा इतिहास होत नाही.

याच प्रश्नाचे एक परदेशातील उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेत शालेय अभ्यासक्रमाची मानके प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते. टेक्सास राज्यात हा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या १५ सभासदांच्या शिक्षण मंडळाकडे आहे आणि नागरिकांना मंडळासमोर उभे राहून आपले म्हणणे मांडता येते. या मंडळाने मार्च २०१० मध्ये, ज्यांच्या लेखनातून राज्यक्रांत्यांना प्रेरणा मिळाली अशा विचारवंतांच्या यादीतून टॉमस जेफर्सन यांचे नाव वगळले. ज्या पुरुषाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला त्याचेच नाव गेले म्हणून मोठा गहजब झाला आणि मे महिन्यात ते पुन्हा घालण्यात आले. अखेरची मानके ९ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाली. २०१८ मध्ये त्याच राज्यात अभ्यासाचा भार कमी करण्याच्या ओघात तिसरीच्या मानकांतून अंध-बधिर असूनही थोर कार्य करणाऱ्या हेलन केलर यांचे नाव काढण्याचे सप्टेंबरमध्ये ठरले. लोकांच्या हरकतीनंतर नोव्हेंबरमध्ये तेही परत घेण्यात आले.

या हकीकतीत लोकांच्या हरकतींचा उपयोग दिसतो आणि मतदानाची मर्यादाही दिसते. जेफर्सन यांच्या लेखनाचा प्रभाव पडला की नाही, हे नऊ हात वर झाल्याने सिद्ध होत नाही व पाच हात वर झाल्याने असिद्धही होत नाही. ते पुराव्याने ठरते. मात्र तिसरीच्या मुलाने हेलन केलर यांचे चरित्र शिकावे की नाही, हा निवडीचा प्रश्न आहे आणि निवडीत पालकांचा व शिक्षकांचा शब्द असलाच पाहिजे.

म्हणून आपण एक साधी विभागणी मनाशी करावी. काय घडले, हा प्रश्न पुराव्याचा. कोणत्या गोष्टी शिकण्यायोग्य आहेत, हा प्रश्न सर्व समाजाचा, आणि त्याला संविधानाच्या मूल्यांची चौकट आहे. कोणत्या वयात, कोणत्या क्रमाने, कोणत्या साधनांनी शिकवावे, हा प्रश्न मुख्यतः वर्गातील अनुभवाचा. या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याचा सर्वांत मोठा अधिकार शिक्षकाचा आहे आणि नेमक्या याच प्रश्नावर आपण सर्वांत कमी लिहितो.

एक चुकलेला अभिप्राय

आता मघाशी उल्लेखिलेली माझी हकीकत सांगतो. मी शिक्षक असताना माझी शाळा ज्या भागात होती, तेथील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जात. मुकादमाकडून उचल घेतलेली असे. दिवाळी सरली की नवरा-बायकोचा कोयता, भांडीकुंडी आणि पोरेबाळे घेऊन टोळ्या कारखान्यांकडे निघत. माझ्या वर्गातील मुले फडावरच्या कोप्यांत राहावयास जात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, फाल्गुन-चैत्रात, गावी परतत. काही मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहत, परंतु बरीच आईबापांबरोबरच जात.

आमच्या वार्षिक नियोजनात ग्रामपंचायत, ग्रामसभा व संविधान यांविषयीचे पाठ दुसऱ्या सत्रात येत. म्हणजे जी मुले ऊसतोडीला जात, त्यांचे हेच पाठ दरवर्षी बुडत. इयत्ता बदलली तरी क्रम तोच राहिल्याने पुढच्या वर्षी पुन्हा तोच भाग बुडे. एकदा चैत्रात परतलेल्या एका मुलाला, गावाचा सरपंच कोण ठरवितो, असे मी वर्गात विचारले. त्याने विश्वासाने उत्तर दिले, ‘मुकादम.’ वर्ग हसला. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर माझ्या मनातून जाईना. त्या मुलाने सहा महिने जी सत्ता पाहिली होती, ती मुकादमाचीच होती. मत म्हणजे काय, ग्रामसभा म्हणजे काय, हे सांगण्याची जबाबदारी माझी होती, आणि ज्या महिन्यांत मी ते सांगत होतो त्या महिन्यांत तो मुलगा उसाच्या फडात होता.

पुढे एका प्रशिक्षण वर्गात अभ्यासक्रमाच्या मसुद्याची पाने आम्हांस वाटण्यात आली. सोबत एक पानी प्रपत्र होते. घटकांचा क्रम योग्य आहे काय, असा स्पष्ट प्रश्न त्यात होता. वर्ग सुटण्याची वेळ झाली होती व मला सायंकाळची एस.टी. गाठावयाची होती. मी प्रश्नासमोर ‘सहमत’ लिहिले आणि निघालो. गाडीत बसल्यावर तो मुलगा आठवला. परंतु प्रपत्र हातचे गेले होते.

मी लिहिले असते तर क्रम बदललाच असता, असे माझे म्हणणे नाही. परंतु त्या सभागृहात ही गोष्ट ठाऊक असणारा मी होतो आणि मी ती सांगितली नाही. शिक्षकाच्या मौनाची किंमत शिक्षक देत नाही, मूल देते, हे त्या दिवसापासून मला पटले आहे.

दुसऱ्याच वर्षी मी माझ्या वर्गाचे नियोजन बदलले. नागरिकशास्त्राचे ते पाठ श्रावण-भाद्रपदात घेतले आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मुलांना नेऊन मागे बसविले. अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार आपल्याला नसला तरी आपल्या वर्गातील घटकांचा क्रम मुख्याध्यापकांच्या संमतीने हालविण्यास सहसा अडचण येत नाही. आणि असा बदल करून पाहिलेल्या शिक्षकाने पुढे अभिप्राय दिला तर तो नुसत्या मताचा न राहता अनुभवाचा होतो.

गावाचे मत कसे गोळा करावे

शिक्षकाचे मत हे गावाचे मत नव्हे. ते गोळा करण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. कायद्याच्या कलम २१ नुसार शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. मसुदा आला की समितीच्या बैठकीत परिसर अभ्यासाचे फक्त एक-दोन घटक वाचून दाखवावेत. संपूर्ण मसुदा वाचू लागल्यास मंडळी कंटाळतील, हे उघड आहे. वाचल्यावर तीन प्रश्न विचारावेत. यात आपले गाव कोठे दिसते? आपल्याकडची कोणती महत्त्वाची गोष्ट यात नाही? यातील कोणती गोष्ट आपल्या मुलांना दुखावणारी आहे?

तिसरा प्रश्न विशेष जपून विचारावा. एखाद्या जातीचा, व्यवसायाचा अथवा वस्तीचा उल्लेख लेखकाच्या मनात नसतानाही हीनत्व सूचित करणारा होऊन बसतो. ज्यांना तो लागतो ते भर बैठकीत बोलत नाहीत. यास्तव शिक्षकाने वस्तीवर, पाड्यावर, तांड्यावर स्वतः जावे. ज्या माता बैठकीत पदर सावरून गप्प बसतात त्या ओसरीवर मोकळेपणाने बोलतात, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे. जे नेहमी बोलतात त्यांचेच मत गावाचे मत म्हणून पाठविणे हे गावाशीही प्रामाणिक होणार नाही.

मुलांनाही विचारावे. कोणता पाठ समजला नाही, हे मुलांइतके खरे कोणी सांगत नाही.

अभिप्राय कसा लिहावा

तयारीसाठी एक सोपी सवय सुचवितो. टाचणवहीच्या शेवटची चार पाने राखून ठेवावीत. पाठ शिकवून झाला की त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात: पाठ किती तासिकांत झाला, मुले कोठे अडली, गावातील कोणते उदाहरण उपयोगी पडले. वर्षअखेरीस ही चार पाने म्हणजे अभिप्रायाची तयार सामग्री होते. मग मुदत आठ दिवसांची असली तरी घाई होत नाही.

आता दोन नमुने पाहा. पहिला असा: ‘नागरिकशास्त्राचा भाग कठीण आहे. मुलांना समजत नाही. कमी करावा.’ हे म्हणणे कदाचित खरे असेल. परंतु वाचणाऱ्या अभ्यासमंडळाला यातून काय करावे हे कळत नाही.

दुसरा असा: ‘या घटकात ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद या तिन्ही संस्थांची रचना व कार्ये एकत्र दिली आहेत. गेली तीन वर्षे मी हा भाग शिकवीत आहे. ग्रामपंचायत मुलांना समजते, कारण तिचे कार्यालय त्यांनी पाहिलेले असते. पंचायत समिती व जिल्हा परिषद यांतील भेद मुले पाठ करतात व परीक्षेनंतर विसरतात. यास्तव या इयत्तेत ग्रामपंचायत व ग्रामसभा एवढाच भाग ठेवावा, ग्रामसभा प्रत्यक्ष पाहण्याचा उपक्रम जोडावा आणि इतर दोन संस्था पुढील इयत्तेत न्याव्यात.’ आरंभी इयत्ता, घटकाचे नाव व मसुद्यातील पृष्ठ लिहावे म्हणजे हा अभिप्राय पुरा झाला.

दुसऱ्या नमुन्यात जोतीरावांच्या निवेदनातील तिन्ही पायऱ्या आहेत. शिवाय लेखक चांगल्या बाजूबद्दलही बोलतो. मसुद्यात जे योग्य आहे ते योग्य म्हणून स्पष्ट लिहावे, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या हरकतीने तेच गळून जाण्याचा संभव असतो.

आणखी एक सूचना. केंद्रातील दहा शाळांनी एकच मजकूर उतरवून दहा प्रती पाठवू नयेत. शिक्षण परिषदेत चर्चा अवश्य करावी, परंतु प्रत्येक शाळेने आपल्या अनुभवाचे दोनच मुद्दे लिहावेत. दहा शाळांचे वीस निरनिराळे मुद्दे हे एका मुद्द्याच्या दहा प्रतींपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी होत. पाठविलेल्या अभिप्रायाची एक प्रत दिनांकासह शाळेत ठेवावी. आपण बदलून गेलो तरी पुढच्या शिक्षकाला ती सापडेल.

अभिप्राय मान्य झाला नाही तर

हा प्रश्न मला बैठकांमधून नेहमी विचारला जातो. ‘साहेब, आम्ही लिहितो, पण ऐकतो कोण?’ हा प्रश्न कटू असला तरी अवाजवी नाही. लिहिलेले सर्वच मान्य होत नाही, आणि न स्वीकारण्याचे कारणही पुष्कळदा कळत नाही. आलेल्या सूचनांपैकी कोणत्या स्वीकारल्या व कोणत्या का स्वीकारल्या नाहीत, याचा गोषवारा प्रसिद्ध व्हावा, अशी अपेक्षा शिक्षकांनी बाळगणे योग्यच आहे. ती अपेक्षाही अभिप्रायात लिहावी.

तरीही लिहिणे सोडू नये. १८८२ च्या त्याच निवेदनात जोतीरावांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. ती त्या वेळी मान्य झाली नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम अमलात आला तो २०१० मध्ये, म्हणजे १२८ वर्षांनी. ती मागणी कागदावर उतरली होती म्हणून नंतरच्या पिढ्यांना तिचा आधार घेता आला.

आपल्या सूचना इतक्या मोठ्या नसतील. एखादा पाठ भाद्रपदात घ्यावा, एखादा शब्द बदलावा, एखाद्या नकाशात ओढा दाखवावा, अशा त्या असतील. पण ज्या मुलाला आपल्या गावाचा सरपंच मुकादम ठरवितो असे वाटते, त्याच्या दृष्टीने त्या लहान नाहीत. पुढच्या वेळी मसुदा येईल तेव्हा ‘सहमत’ हा शब्द लिहिण्यापूर्वी टाचणवहीची शेवटची चार पाने एकवार चाळावीत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.

— शिक्षण विस्तार अधिकारी